माझ्या ठोक्याचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजात पहिल्या मजल्यावर होता, आणि जिना इतका उभा की धडधाकट माणसालाही वर पोचेपर्यंत आपल्याला काहीतरी झालंय अशी खात्री पटावी. हृदयाचा दवाखाना आणि चढायला असला जिना, यावरून निम्मं लष्कर त्यांना हसायचं. खालच्या औषधवाल्यानं आपल्या दुकानामागची खोली देऊ केली होती. डॉक्टरांनी साफ नकार दिला. "जिना ही माझी पहिली तपासणी आहे भई," ते म्हणायचे. "मशीनवर माणूस निजलेला असतो. निजलेला माणूस कोणाला खरं सांगतो? जिन्यावर तो चालतो."

आणि ते खरोखर ऐकत बसायचे. दवाखान्याचं दार सताड उघडं, समोर बशीत ओतून पार थंड केलेला चहा, आणि कान जिन्याकडे. पेशंट कुठं थांबला, कठड्याला हात लावला का, दम लपवायला मोबाइल काढून बघत उभा राहिला का, हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं. ज्याला खरंच चढवत नसे त्याच्यासाठी ते स्वतः कुरकुरत खाली उतरायचे आणि त्याच औषधवाल्याच्या खोलीत त्याला तपासायचे. म्हणजे खोली वापरायचे, पण घ्यायचे नाहीत. हट्टी माणसाचं सगळंच असं असतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर आधी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, म्हणजे मुलींना माझा श्वास दिसू नये. छातीत मधेच फडफड व्हायची. घरीदारी सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं. ग्वाल्हेरात छातीत काहीही झालं तरी ते आधी गॅस असतं. ओव्याचं पाणी, हिंगाष्टक, झोपताना उजवी कूस, सगळं करून झालं होतं.

त्या जिन्यावर मधे एक वळण होतं आणि तिथं बाक टाकलेला होता. मी त्यावर बसले. बसले म्हणजे बसावंच लागलं. नवरा पुढं गेला होता, तो मागं वळून बघायला लागला. तेवढ्यात वरून आवाज आला, "बसा बसा, घाई नाही. उजव्या हाताला पंख्याचं बटण आहे." मग त्यांचा मदतनीस रामसेवक जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "भाभी जी, आराम से। डाक साब सुन रहे हैं।" आपल्याला कोणी तपासायच्या आधीच ऐकतंय, हे मला त्या क्षणी मुळीच आवडलं नाही.

वर गेल्यावर मी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, मला बहुत घबराहट होते."

"घबराहट बाहेर ठेवून या," ते म्हणाले. "अख्खं गाव मला घबराहट सांगतं. मुलगा नापास झाला तरी घबराहट, झडप खराब झाली तरी घबराहट. आपण टेबलावर वाजवून दाखवा. छातीत जसं होतं ना, बिलकुल तसं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बँकेत असल्यामुळं अशा प्रसंगी त्याला चेहरा कोरा ठेवता येतो. शेवटी मी बोटानं टेबल वाजवलं. दोन ठोके घाईचे, मग रिकामं, मग एक, मग तीन एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. वाजवता वाजवता माझंच बोट थांबलं. आत इतके दिवस जे चाललं होतं ते पहिल्यांदा बाहेरून ऐकू आलं, आणि मी घाबरले.

डॉक्टरांनी आपली खुर्ची माझ्या शेजारी ओढली. ते कधीच पेशंटच्या समोर बसत नसत. माझा एक हात त्यांनी धरला आणि नवऱ्याला म्हणाले, "दुसरा तुम्ही धरा. इथं, अंगठ्याच्या खाली. आपल्या बायकोची नाडी आपल्याला माहीत नको?" असे दोघं दोन बाजूंनी माझे हात धरून बसले, डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि मला उगीचच हसू आलं. नवऱ्याला मात्र आलं नाही. त्याला बोटाखाली कळलं होतं.

"लहानपणी सांधे सुजले होते का? तापासोबत?" डॉक्टरांनी डोळे न उघडता विचारलं.

सुजले होते. गुडघा, मग घोटा, मग कोपर. शाळा बुडाली होती आणि आजीनं लेप लावले होते. त्या तापानं माझ्या हृदयाची एक झडप तेव्हाच दुखावून ठेवली होती. ती हळूहळू घट्ट होत गेली आणि इतक्या वर्षांनी मला शाळेच्या जिन्यात गाठलं.

समजावून सांगण्यात डॉक्टरांचा हात कोणी धरला नसता. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा महाराज बाड्याचा चौक डोळ्यांसमोर आणा, ते म्हणाले. बाहेर जायचा रस्ता अरुंद, मागं गर्दी साचलेली. गर्दी साचली की टेंपोवाला, ऑटोवाला, जो तो दिसेल त्या गल्लीत घुसतो. आपल्या हृदयाचा वरचा कप्पा असा झाला आहे. रक्त पुढं जात नाही म्हणून तो ताणला गेला, आणि ताणला गेला म्हणून त्यातली वीज वाटेल तशी धावते. कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो. जिथं रक्त थांबून राहतं तिथं गुठळी धरते, आणि ती सुटली तर सरळ मेंदूत. "म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. ती चुकवायची नाही. बाकी दुनिया चुकली तरी चालेल."

त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो आणि मला त्यांच्या तऱ्हा कळत गेल्या. भिंडहून आलेल्या शेतकऱ्याशी ते तावातावानं मराठी बोलायचे आणि आमच्यासारख्यांशी मधेच शुद्ध हिंदी. कोणाचं काही अडत नसे. "ठीक आहे" असं उत्तर देणाऱ्या पेशंटला ते परत विचारायचे, "ठीक म्हणजे काय? ठीक तर मी पण आहे." मला ते मास्तरीणबाई म्हणायचे आणि नवऱ्याला माझी नाडी रोज धरायला लावली होती. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर रोज सकाळी नवऱ्यानं हात धरून बसणं हे आमच्या घरात जरा अतीच होतं. सासूबाई तेवढ्या वेळात मुद्दाम स्वयंपाकघरात जायच्या.

नव्या उपचारांशी त्यांचं एक भांडण होतं. हृदयातल्या भरकटलेल्या विजेच्या वाटा जाळून बंद करतात, त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. डॉक्टर त्याला जाळपोळ म्हणत. मोबाइलवर व्हिडिओ बघून कोणी म्हणालं की डॉक्टरसाहेब, मांडीतून तार घालून हे करून टाकू, तर ते भडकायचे. "झडप बंद पडत चालली आहे आणि तुम्ही वर जाळपोळ करणार. रस्ता मोकळा केला नाही तर गर्दी दुसऱ्या गल्लीत घुसेल. आणि हृदयात जे जळलं ते परत उगवत नाही." माझ्या भाच्यानं बेंगळुरूहून असाच एक व्हिडिओ पाठवला होता. मी तो डॉक्टरांना दाखवायची हिंमत केली नाही.

माझ्यासाठी त्यांनी फुग्याचा उपाय ठरवला. छाती न उघडता आत फुगा नेऊन घट्ट झालेली झडप रुंद करायची. "महालक्ष्म्या होऊन जाऊ द्या," तेच म्हणाले. "सण आहे, घरात निवांत राहा. मग दिल्लीला पाठवतो."

त्या महालक्ष्म्यांनीच घात केला. म्हणजे देवींचा काही दोष नाही. दोष आमचा, आणि असा दोष फक्त आमच्यासारख्या घरातच घडू शकतो.

रक्त पातळ करायच्या गोळीचं आणि हिरव्या पालेभाजीचं जमत नाही. एकदम खूप पालेभाजी खाल्ली की गोळीचा जोर उतरतो. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की घरात मेथी, पालक येणं जवळजवळ बंद झालं. माझ्या आमटीवर त्या कोथिंबीर पण घालत नसत. पण महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र करून भाजी करायची असते. अळू, चाकवत, मेथी, पालक, राजगिरा, अंबाडी, जे मिळेल ते. ग्वाल्हेरच्या बाजारात त्यातलं निम्मं मिळायला मारामार, म्हणून सासूबाई आठवडाभर आधीपासून भाजीवालीच्या मागं लागायच्या. अशी मिळवलेली ती भाजी पानात पडल्यावर ती पालेभाजी आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती पालेभाजी नव्हतीच. तो प्रसाद होता.

त्यात लष्करात मराठी घरं आता मोजकीच उरली, त्यामुळं ज्याच्या त्याच्याकडून डबा येतो. चार घरची तीच भाजी, चार हातांची. प्रसाद टाकायचा नसतो. तो संपवायला घरात आम्ही तिघंच, आणि शिळी झाल्यावर ती आणखी छान लागते. मी तो पूर्ण आठवडा भाकरीबरोबर तीच खाल्ली.

आणि सांगायचं म्हणजे डॉक्टर स्वतः आमच्याकडे जेवायला होते. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या आणि मुलगा नागपूरला असायचा, सणाला त्यांच्याकडं कोणी नसायचं, म्हणून सासूबाईंनी आग्रहानं बोलावलं होतं. ते माझ्या समोरच्या पाटावर बसले होते. "वहिनी, माझ्या आईच्या हातची भाजी आठवली," असं म्हणाले आणि त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

दिल्लीला फुग्याच्या आधी घशातून नळी घालून हृदय आतून बघतात. बघितलं, आणि वरच्या कप्प्यात गुठळी निघाली. गुठळी असताना फुगा घालणं म्हणजे तिला हातानं ढकलून देण्यासारखं. सगळं रद्द झालं. रक्त तपासलं तर ते पातळ राहिलंच नव्हतं.

परत आलो. डॉक्टरांनी कागद वाचला आणि विचारलं, "गोळी चुकली?"

"एक पण नाही," नवरा म्हणाला. "मी स्वतः देतो."

"मग खाल्लं काय?"

मी आठवून आठवून सांगू लागले. महालक्ष्म्यांच्या भाजीपाशी आले तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी समोर बसलो होतो." एवढंच, आणि पुन्हा तेच, "मी समोर बसलो होतो की."

घरी सासूबाईंनी अंथरूण धरलं. गुठळी त्या भाजीनंच झाली असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार. झडप इतकी घट्ट झाल्यावर ती एरवीही होऊ शकते. पण त्यांना ते पटेना. "मी माझ्या हातानं वाढलं सुनेला," एवढंच त्या म्हणायच्या आणि जेवायच्या नाहीत. माझं आजारपण बाजूला राहिलं आणि आम्ही दोघं त्यांच्या मागं वाटी घेऊन फिरू लागलो.

एका संध्याकाळी दार वाजलं. डॉक्टर आले होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि दुसऱ्यांचे जिने ऐकणारा तो म्हातारा माणूस आमच्या दारात कठडा धरून धापा टाकत उभा होता. आत येऊन ते सरळ सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसले.

"वहिनी, मला एक सांगा. आपण डॉक्टरकी शिकलात?"

सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मी शिकलो. मी समोर बसून ती भाजी खाल्ली, वाहवा केली, आणि मला सुचलं नाही. सूनबाईंच्या पानात काय पडतं ते बघायचं काम माझं होतं. म्हणून हे जे झालं ते माझं आहे. आपण माझी चीज उचलून स्वतःकडे ठेवू नका. हे बरोबर नाही."

सासूबाई उठून बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "जेवून जाल?"

"जेवतो. पण भाजी बटाट्याची करा."

त्या दिवशी घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं. मला त्या माणसाबद्दल जे वाटतं ते तेव्हापासून वाटतं. तपासणारे खूप भेटतात. दोष आपल्या अंगावर ओढून एका म्हातारीला जेवायला उठवणारा डॉक्टर मी दुसरा पाहिलेला नाही.

आता छाती उघडल्याशिवाय इलाज नव्हता. झडप बदलायची, गुठळी काढायची. आम्ही कागदपत्रं घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मास्तरीणबाई, सर्जनला सांगा, त्याच बैठकीत अ‍ॅब्लेशन पण करा. मी त्याच्याशी फोनवर बोललो आहे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "आपण तर त्याला जाळपोळ म्हणत होता."

"म्हणत होतो. एकट्या जाळपोळीला आज पण म्हणेन. पण छाती उघडीच आहे, झडप नवी बसते आहे, रस्ता रुंद होतो आहे. तेव्हाच भलत्या गल्ल्या बंद करून घेतल्या तर गर्दीला शिस्त लागायची बरीच उमेद असते. नुसती झडप बदलून माझे किती पेशंट परत आले आणि ठोका तसाच. झडप नवी, दम तोच. मी म्हणायचो, चला, जीव तर वाचला. आता महिनाभर बसून वाचलं आणि कळलं, तेवढ्यावर मी खूश व्हायला नको होतं." मग चिडून म्हणाले, "असं बघू नका. म्हाताऱ्या माणसाला पण वाचता येतं."

सर्जननं निर्णय आमच्यावर सोडला होता. अ‍ॅब्लेशननं ऑपरेशनचा वेळ वाढणार होता. कधी कधी नंतर पेसमेकर बसवायची वेळ येते. नवऱ्यानं विचारलं, "गॅरंटी आहे का?"

"गॅरंटी पंख्याला असते," डॉक्टर म्हणाले. "आणि आधीच सांगून ठेवतो, नवी झडप धातूची असणार, तेव्हा गोळी जन्मभर सुटायची नाही. खोटी आशा नको. मिळालं तर एवढंच मिळेल, आपला ठोका आपल्याला परत मिळेल."

नवऱ्याला मी जिवंत हवी होते, ठोका कसाही चालला असता. पण मी त्या बेताल फडफडीबरोबर इतके दिवस काढले होते की मला त्यातून सुटायचं होतं. मुलींकडे तोंड करून वर्गात उभं राहायचं होतं. मी म्हटलं, "करून घेऊ." भीती वाटत नव्हती असं नाही. खूप वाटत होती.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं डॉक्टर दिल्लीत हजर झाले. दिल्लीचं त्यांना जन्माचं वावडं, तिथली हवा, तिथली माणसं, तिथला चहा, सगळ्याला ते नावं ठेवायचे. नवऱ्यानं मला नंतर सांगितलं, की ते बाहेरच्या खुर्च्यांवर त्याच्या शेजारी येऊन बसले आणि त्याचंच मनगट धरलं. "तुमची धावते आहे," म्हणाले आणि सोडलं नाही. सर्जन बाहेर आला. झडप छान बसली, गुठळी निघाली, असं तो सांगू लागला तर डॉक्टरांनी त्याला मधेच तोडलं, "आणि ठोका?"

"सर, अभी तो बाहर की मशीन से चल रहा है. थोड़ा वक़्त दीजिए."

वक़्त द्यावाच लागला. घरी आल्यावर काही दिवस सगळं सुरळीत होतं, आणि एका सकाळी नवऱ्यानं हात धरला आणि त्याचा तो बँकेतला चेहरा गळून पडला. फडफड परत आली होती. मी ढसाढसा रडले. एवढी छाती फाडून घेतली ती कशासाठी, असं झालं. डॉक्टर घरी आले, ऐकलं, आणि म्हणाले, "आत भाजलेलं आहे. हाताला चटका बसला तर दुसऱ्या दिवशी कातडी येते का? खपली धरायला वेळ लागतो. तोपर्यंत वीज इकडंतिकडं करणार. गोळ्या घ्या आणि माझ्यावर चिडा, पण निराश होऊ नका." मी त्यांच्यावर मनसोक्त चिडले. ते मुकाट ऐकून घेत बसले.

होळी झाल्यावर त्यांनी बोलावलं. दुपारची वेळ होती आणि दवाखान्यात दुसरं कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, माझा हात धरला, डोळे मिटले. दुसरा हात नवऱ्यानं न सांगता धरला. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं बघता बघता ओठ घट्ट मिटले आणि हो म्हणून मान डोलावली. डॉक्टरांचे डोळे मात्र बंदच. मशीनवर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनी रामसेवकला मशीन लावायला सांगितलं. पट्टी बाहेर आली, ती त्यांनी खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "बघा. सगळे सारख्या अंतरावर."

मी पदरानं डोळे पुसले आणि तेव्हा माझं लक्ष खोलीकडे गेलं. कपाटं रिकामी होती. पुस्तकं खोक्यांत भरून दोरीनं बांधलेली होती. भिंतीवर तसबिरींचे नुसते डाग.

"हे काय डॉक्टरसाहेब?"

ते काही बोलायच्या आत रामसेवक म्हणाला, "डाक साब तो दिवाली से पहले ही नागपुर जाने वाले थे, भाभी जी. भैया ने कमरा भी बनवा रखा है. हमने कितनी बार कहा कि चलिए, सामान बाँध दें. हर बार एक ही बात, अभी एक मरीज़ बाक़ी है."

"तुला कोणी विचारलं?" डॉक्टर त्याच्यावर ओरडले.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला मधेच धरलं. "वाकू नका. छातीचं हाड अजून जुळतं आहे." मग ते दोन पावलं मागं सरले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, आपल्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या एका मास्तरणीसमोर.

"आपण बऱ्या झालात," ते म्हणाले. "आता मला जाता येईल."